एस्क्यूलाइटमध्ये यादी भरण्यापूर्वी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या बिलिंग सॉफ्टवेअरचा सगळा डेटा एस्क्यूलाइट या डेटाबेसच्या (माहिती साठवणाऱ्या प्रणालीच्या) एकाच फाइलमध्ये असतो. नवं दरपत्रक किंवा खातेदारांची यादी त्यात एकगठ्ठा भरायची, तर कमांड टाइप करायच्या काळ्या खिडकीतली एस्क्यूलाइट-३ कमांड हाताशी आहेच. अडतं ते बहुधा कमांडपाशी नाही, तिला दिलेल्या फाइलपाशी. (कमांड इथे देवनागरीत छापल्या आहेत, टाइप इंग्रजीतच करा; ‘डॉट’ म्हणजे नुसता टिंब.)

आधी सॉफ्टवेअर बंद करा आणि डेटाबेसची कॉपी काढून ठेवा. ही पायरी गाळू नका.

यादी एक्सेलमध्ये असेल तर ‘सेव्ह ॲज’मध्ये ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली, मराठी अक्षरं जपणारी मजकूर-फाइल) हाच प्रकार निवडा. साध्या ‘सीएसव्ही’त ‘तूरडाळ’च्या जागी प्रश्नचिन्हं पडतात आणि त्या फाइलमधून मूळ अक्षरं परत मिळत नाहीत. एक्सेल आकड्यांचे फक्त पहिले १५ अंक जपतं, त्यामुळे १६ अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक गुपचूप शून्य होतो. तो कॉलम नंबर भरण्याआधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवा. रकमा मराठी अंकांत लिहिल्या असतील तर एस्क्यूलाइटच्या लेखी ती नुसती अक्षरं. बेरीज शून्य येते. तारखेसाठी एस्क्यूलाइटमध्ये वेगळा प्रकारच नाही. ती आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहा, म्हणजे २०२५-०४-०५. एरवी क्रम लावताना एक तारखेच्या सगळ्या नोंदी, मग त्या कुठल्याही महिन्याच्या असोत, एकत्र येऊन बसतात.

आता यादी आत भरणारी कमांड, ‘डॉट इम्पोर्ट’. यादी ज्यात जाते ते टेबल (डेटाबेसमधला तक्ता) आधीपासून नसेल तर फाइलची पहिली ओळ कॉलमांची नावं म्हणून घेतली जाते. टेबल असेल तर तीच ओळ डेटा म्हणून आत शिरते आणि मालाच्या यादीत ‘वस्तूचे नाव’ नावाची एक वस्तू दिसू लागते! अशा वेळी कमांडला ‘--स्किप १’ जोडा. विंडोजमधला फाइलचा पत्ता दुहेरी अवतरणात दिलात तर उलट्या तिरप्या रेघांचा अर्थ बदलतो; एकेरी अवतरण वापरा.

आम्ही पाठवलेली एस्क्यूएल फाइल (डेटाबेससाठीच्या सूचनांची फाइल) ‘डॉट रीड’ने चालवा. ‘पेक्षा लहान’चं चिन्ह वापरून फाइल देण्याची पद्धत पॉवरशेलमध्ये (विंडोजमधली कमांडची दुसरी खिडकी) चालत नाही. एखाद्या ओळीत चूक निघाली तरी एस्क्यूलाइट पुढच्या ओळी चालवत राहतं, म्हणून सुरुवातीलाच ‘डॉट बेल ऑन’ द्या (‘बेल’चं स्पेलिंग बी-ए-आय-एल). पहिल्या चुकीलाच काम थांबतं.

‘असं टेबलच नाही’ असा संदेश आला तर घाबरू नका. डेटाबेसचं नाव टाइप करताना एखादं अक्षर चुकलं की एस्क्यूलाइट तक्रार न करता त्या नावाचा नवा, रिकामा डेटाबेस उघडतं. ‘डॉट डेटाबेसेस’ दिल्यावर नेमकी कुठली फाइल उघडी आहे ते कळतं.

तरीही अडलंच तर चूक दाखवणाऱ्या संदेशाचा फोटो आणि यादीच्या पहिल्या चार-पाच ओळी पाठवा. अख्खी यादी नको, तीत तुमच्या गिऱ्हाइकांचे फोन नंबर असतात.