विद्युत् स्नायुआलेखन, पृष्ठीय

स्नायू आकुंचन पावताना त्यात होणारे विद्युत् वर्चसातील (विद्युत् दाबातील) बदल त्वचेवर चिकटवलेल्या विद्युत् अग्रांनी (इलेक्ट्रोडांनी) टिपण्याची पद्धत. रुग्णालयात ‘ईएमजी’ (इलेक्ट्रोमायोग्राफी, म्हणजे विद्युत् स्नायुआलेखन) म्हटले की बहुधा स्नायूत सुई घालून केलेली तपासणी अभिप्रेत असते. येथे सुई टोचावी लागत नाही.

पद्धतीचा आरंभ कोणापासून मानावा, याविषयी एकमत नाही. काही लेखक सतराव्या शतकातील इटालियन शास्त्रज्ञ फ्रांचेस्को रेदीपर्यंत मागे जातात. विद्युत् मत्स्याचा धक्का त्याच्या स्नायूतून येतो, असे रेदीने सुचवले होते. परंतु त्या काळी विजेची कल्पनाच अस्फुट असल्याने हे श्रेय ओढूनताणून दिलेले वाटते. इटालियन शरीरशास्त्रज्ञ गॅल्व्हानीच्या १७९१ च्या ग्रंथात बेडकाच्या स्नायूचे प्रयोग आहेत, मात्र वीज प्राण्यातली की धातूंच्या स्पर्शातली, हा भौतिकीविज्ञ व्होल्टाशी झालेला वाद बराच काळ रेंगाळला. मानवी ऐच्छिक आकुंचनातील प्रवाह प्रथम दाखवला तो एमिल द्यू ब्वा-रेमाँ यांनी बर्लिनमध्ये, साधारणतः १८४९ च्या सुमारास. तारेचे चोवीस हजारांहून अधिक वेढे असलेला गॅल्व्हानोमीटर (सूक्ष्म विद्युत् प्रवाह काट्याने दाखवणारे उपकरण) त्यांनी स्वतः तयार केला होता. दोन्ही हातांची बोटे मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून एक हात आवळला की काटा हलत असे. हा परिणाम घामाचा असावा, असा आक्षेप घेतला गेला. पुढे त्यांनी हातावर फोड आणून तेथील त्वचा काढली, तेव्हा रोध घटून काट्याचे विचलन पुष्कळ वाढले. मापनपद्धती म्हणून तिला शिस्त आली ती हान्स पीपर यांच्या १९१२ मधील ग्रंथाने. थकव्यात लहरी मंदावतात, हेही त्यात नोंदलेले आहे.

एक प्रेरक चेतापेशी आणि तिच्या अखत्यारीतील स्नायुतंतू मिळून प्रेरक एकक होते. चेतासंदेश पोहोचताच तंतूंवरून सेकंदाला सुमारे ४ मीटर वेगाने वर्चसाची लहर दोन्ही टोकांकडे जाते. अशा अनेक एककांच्या लहरींची बेरीज चरबी व त्वचेतून गाळली जाऊन अग्रांपर्यंत येते. तिचा आयाम (लहरीची उंची) शिखर ते शिखर १० मिलिव्होल्टच्या आत असतो. उपयुक्त कंप्रता (सेकंदाला होणारी आंदोलने) ५०० हर्ट्‌झपर्यंत, त्यातही मुख्य भाग ५० ते १५० हर्ट्‌झमध्ये. भारतातील घरगुती वीज ५० हर्ट्‌झची असल्याने तिचा व्यत्यय नेमका येथेच पडतो. म्हणून दोन अग्रांवरील फरकच तेवढा वाढवणारा विवर्धक वापरतात.

अग्रांची जागा हा सर्वांत नाजूक भाग आहे. सेनिअम या युरोपीय प्रकल्पाने दोन अग्रांच्या केंद्रांत २० मिलिमीटर अंतर सुचवले. लहान स्नायूंसाठी ते तंतूंच्या लांबीच्या चतुर्थांशाहून अधिक नसावे. चेता जेथे स्नायूला मिळते तेथे अग्रे ठेवल्यास विरुद्ध दिशांच्या लहरी एकमेकींना छेदून आयाम फसवा येतो. शेजारच्या स्नायूची मिसळ पूर्णपणे टाळता येत नाही. व्यक्ती-व्यक्तींची तुलना करायची तर आयाम त्या त्या स्नायूच्या महत्तम ऐच्छिक आकुंचनाच्या टक्केवारीत मांडतात.

आयामावरून बल काढता येते का, हा वादाचा विषय. हाताच्या पंजातील लहान स्नायूत हे नाते बरेचसे रेषीय दिसते. दंडाच्या व खांद्याच्या मोठ्या स्नायूंत तसे दिसत नाही. आकडा दुप्पट म्हणजे जोर दुप्पट, हे व्यायामशाळांतील गृहीतक त्यामुळे धरून चालता येत नाही. थकव्यात मध्यक कंप्रता (संकेताची शक्ती जिच्या दोन्ही बाजूंना समान विभागते ती) घसरते. लहरींचा वेग कमी होणे हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते.

उपयोग : मेंदूच्या पक्षाघाताने ग्रस्त मुलांच्या चालीचे विश्लेषण, कंपाचे वर्गीकरण, मेंदूतील आघातानंतरचे जैवप्रतिपोषण (स्वतःच्या स्नायूचा संकेत पाहून त्यावर ताबा मिळवण्याचा सराव), कामाच्या जागेची रचना. राइनहोल्ड रायटर यांनी १९४० च्या दशकात म्युनिकमध्ये स्नायुविजेवर चालणारा कृत्रिम हात बनवला. निर्वात नळ्यांमुळे त्याची यंत्रणा अवजड होती. अलीकडे शिकागोत टॉड क्युइकेन यांनी तोडलेल्या हाताच्या चेता छातीच्या स्नायूंना जोडून तेथील त्वचेवरून संकेत घेतले. चेता-स्नायू विकारांच्या निदानासाठी मात्र अमेरिकन चेताविज्ञान अकादमीच्या २००० मधील आढाव्याने ही पद्धत सुईला पर्याय मानली नाही.