रिफ्रेश मारून गेम सुटत नाही, डिस्कचं हेड कुठं पळतंय ते बघा

सोलापुरात कुठल्याही गेम खेळणाऱ्या पोराला विचारा, गेम अडकायला लागला की तो आधी डेस्कटॉपवर राइट क्लिक करून चार-पाच वेळा रिफ्रेश मारणार, मग रनमध्ये जाऊन टेम्प, प्रीफेच टाईप करून दिसेल ते डिलीट मारणार, आणि तरी नाही जमलं तर मित्र आहेतच, "ग्राफिक कार्ड बदल बे". रिफ्रेशने फक्त समोरचे आयकॉन परत काढले जातात, रॅम बिम काही मोकळी होत नाही. आणि प्रीफेचमध्ये कुठला प्रोग्राम उघडताना कुठल्या फाईली लागतात याची नोंद विंडोजने स्वतःच्या सोयीसाठी ठेवलेली असते, ती उडवली की पुढच्या वेळी उघडायला उलट जास्त वेळ. दसऱ्याला सीपीयूला हळदकुंकू लावतात ते मी समजू शकतो, वर्षातून एकदाच असतं, हे रिफ्रेशचं कर्मकांड मात्र रोजचं.

आता गेम पहिल्यापासून शेवटपर्यंत संथच चालत असेल तर दोष कार्डाचा किंवा प्रोसेसरचा, तो विषय वेगळा. पण मस्त ६० एफपीएस (सेकंदाला ६० चित्रं, म्हणजे फ्रेम) मिळतायत आणि गाडी नव्या भागात शिरली की चित्र खटकन थांबतं, परत चालू, परत थांबतं, याला स्टटर म्हणतात, आणि पीसीत जुनी हार्ड डिस्क असेल तर पहिला संशय तिच्यावर घ्यायचा.

कारण ती यंत्र आहे, खरंखुरं फिरणारं. आत चकत्या मिनिटाला ७२०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला १२०, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. चकतीच्या वर काही नॅनोमीटरवर डेटा वाचणारं-लिहिणारं हेड तरंगत असतं. डेटा हवा की हेड आधी आडवं सरकून बरोबर त्या ट्रॅकवर, म्हणजे चकतीवरच्या गोल पट्ट्यावर जातं, त्याला साधारण ९ मिलिसेकंद. पण तिथं पोचलं म्हणजे काम झालं असं नाही, आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत आकाशपाळण्याशी पोचलात आणि तुमचा पाळणा नुकताच वर गेला तर तो फिरून खाली येईपर्यंत उभं राहावंच लागतं ना, तसं हवा तो सेक्टर (पट्ट्याचा छोटा तुकडा) फिरून हेडखाली येईपर्यंत थांबायचं, सरासरी अर्धा फेरा, ४.२ मिलिसेकंद. झाले १३. लॅपटॉपच्या ५४०० फेऱ्यांच्या डिस्कला याहून जास्त. आणि ६० एफपीएसला एका फ्रेमच्या वाट्याला वेळ किती, तर १६.७ मिलिसेकंद! म्हणजे हेडची एक उडी आणि जवळजवळ एक फ्रेम संपली. गेम डेटा मागच्या बाजूने आधीच मागवून ठेवतो म्हणून प्रत्येक उडीला चित्र थांबत नाही, पण समोरच्या इमारतीचं टेक्स्चर (तिच्यावर चढवायचं चित्र) ५० तुकड्यांत विखुरलेलं असेल तर नुसत्या उड्यांचेच ६५० मिलिसेकंद होतात, तेवढं आगाऊ कोण मागवणार. सलग वाचताना सेकंदाला १५० एमबी देणारी हीच डिस्क ४-४ केबीचे विखुरलेले तुकडे वाचायला लावले की ३०० केबीच्या आसपास येते, पाचशेपटीने खाली.

गेम बनवणाऱ्यांना हे पक्कं माहीत असतं. प्लेस्टेशन ५ चे आर्किटेक्ट मार्क सर्नी यांनी २०२० मध्ये सांगितलं होतं की स्पायडर-मॅन गेममध्ये टपालपेटीसारख्या काही वस्तूंचा डेटा डिस्कवर ४०० वेळा ठेवला होता, का, तर हेडला लांब उडी मारायला लागू नये म्हणून. गेमची साईज फुगते त्यात याचाही वाटा.

म्हणून डिफ्रॅग. तुकडे गोळा करून फाईल सलग लावायची, विंडोजमध्येच सोय आहे, वेगळं गेम बूस्टर विकत घ्यायची गरज नाही (त्या बूस्टरवाल्यांच्या जाहिराती म्हणजे नुसती हवा). सगळे तुकडे वाईट नसतात पण, ६४ एमबीपेक्षा मोठा तुकडा विंडोज मोजतच नाही, कारण तेवढा वाचायलाच जवळपास अर्धा सेकंद जातो, त्यात १३ मिलिसेकंदाची उडी कुठं जाणवणार. डिस्क गच्च भरलेली असेल तर आधी जागा करा, नाहीतर नवीन फाईलचे परत तुकडेच. आणि एसएसडीला (चिपवर डेटा ठेवणारी, न फिरणारी डिस्क) डिफ्रॅग करत बसू नका, तिथं हेडच नाही, फुकट लिहिण्याची झीज होते. तिच्यासाठी ट्रिम असतं, म्हणजे कुठली जागा आता मोकळी झाली ते तिला कळवणं, ते विंडोज आपोआप करतं.

पण आधी खात्री करा. टास्क मॅनेजर उघडा ठेवून खेळा, चित्र थांबतं तेव्हाच डिस्क १०० टक्क्यांवर जाते का बघा. रॅम कमी असेल तरी जाते, कारण विंडोज रॅममधलं सामान डिस्कवर टाकत असतं, तिथं डिफ्रॅगचा उपयोग थोडाच. डिस्क निवांत असेल तर कॅबिनेट उघडा, सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाशेजारच्या घरात पंख्यात कापसाची फुसकट किती साचते आणि वरून मे महिन्याचं ऊन, प्रोसेसर तापून आपला वेग उतरवतो.

आणि डिफ्रॅग सुरू करण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये पेंडिंग सेक्टरचा, म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या सेक्टरचा आकडा बघा. शून्य नसेल तर डिस्क तेच तेच सेक्टर परत परत वाचायचा प्रयत्न करत असते आणि गेम काही सेकंद गारठतो. अशा डिस्कवर डिफ्रॅग अजिबात चालवू नका, सगळी डिस्क खालीवर करताना ती मधेच दम तोडू शकते. बहिणीच्या लग्नाचे फोटो आधी दुसरीकडे कॉपी करा, गेम काय परत डाउनलोड होतो.