पट्ट्यावरची वीज : माइल्ड हायब्रिड पिकअप नेमकी कशी चालते

माइल्ड हायब्रिड पिकअप घेतली की लोकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. 'चार्ज कुठे करता?' आणि 'नुसत्या बॅटरीवर किती किलोमीटर जाते?' पहिल्याचं उत्तर 'कुठेच नाही' आणि दुसऱ्याचं 'एकही नाही'. एवढं ऐकलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर 'मग फसलात की हो' असा भाव उमटतो. त्यात त्या बिचाऱ्याची काही चूक नाही. मागच्या फाळक्यावर 'हायब्रिड' असं चकचकीत अक्षरांत चिकटवणाऱ्यांनीच हा घोळ घातला आहे. माझ्याकडे अशी पिकअप आहे आणि मी तिच्यावर खूश आहे, पण त्या अक्षरांमुळे नव्हे. खूश आहे ती इंजिनाच्या तोंडाशी असलेल्या एका रबरी पट्ट्यावर. त्याच्याकडे यायचंच आहे, पण आधी थोडा हिशेब.

पूर्ण हायब्रिड गाडीत विजेची मोटर एकटीच चाकं फिरवू शकते. निदान गाडी हलवण्यापुरतं आणि कमी वेगात थोडं अंतर जाण्यापुरतं तरी इंजिन बंद राहू शकतं. माइल्ड हायब्रिडच्या नेहमीच्या रचनेत ही सोय नाही. एरवी जिथे इंजिनाच्या जोरावर वीज तयार करणारा अल्टरनेटर असतो, तिथे त्याचाच दणकट भाऊ बसवलेला असतो आणि रबरी पट्ट्याने इंजिनाला जोडलेला असतो. त्याला इंजिनाने फिरवलं तर तो वीज तयार करतो, आणि त्याला वीज दिली तर तो इंजिनाला फिरवतो. जोडीला ४८ व्होल्टची एक छोटी लिथियम-आयन बॅटरी असते. नेहमीची १२ व्होल्टची बॅटरी दिव्यांसाठी आणि इतर बारीकसारीक कामांसाठी तशीच राहते.

टोयोटा हायलक्सच्या २.८ लिटर डिझेलला जोडलेल्या प्रणालीचे आकडे बघा. मोटर १२ किलोवॅटची, तिचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ६५ न्यूटन-मीटर. बॅटरी ४.३ अँपिअर-तासांची, वजन ७.६ किलो, जागा मागच्या आसनाखाली. व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार केला की साठा मिळतो सुमारे २०६ वॅट-तास. अमेरिकी रॅम १५०० पिकअपच्या 'ई-टॉर्क' प्रणालीत तो ४३० वॅट-तासांचा आहे.

२०६ वॅट-तास म्हणजे किती? एका वॅट-तासाचे ३६०० ज्यूल, म्हणजे साधारण ७४२ किलोज्यूल. माल भरलेली तीन टनांची पिकअप या ऊर्जेवर चढ चढवायची ठरवली, कुठेही काही वाया जात नाही असंही मानलं, तरी ती जेमतेम २५ मीटर उंची गाठेल. एवढंच काम डिझेलकडून करून घ्यायला साधारण ६० मिलिलिटर पुरे. त्यामुळे 'घाटात ओझं ओढताना बॅटरी मदत करेल' ही आशा सोडून द्यावी. मदत करते, पण पहिल्या वळणापर्यंत.

मग ही बॅटरी बसवायचीच कशाला?

याचं उत्तर ब्रेकमध्ये आहे. सुमारे २२०० किलोची रिकामी पिकअप ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असते तेव्हा तिच्यात सुमारे ३०६ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. ब्रेक दाबला की ती सगळी डिस्क आणि पॅड तापवण्यात जाते. बॅटरीत जागा आहे ७४२ किलोज्यूलची, म्हणजे साठा पुरेसा आहे. अडचण वेगळीच आहे. सहा सेकंदांत थांबायचं तर सरासरी ५१ किलोवॅट दराने ऊर्जा बाहेर काढावी लागते, आणि ब्रेक लावल्याच्या पहिल्या क्षणी तर हा दर शंभरच्या आसपास असतो. मोटर मात्र १२ किलोवॅटचीच. सहा सेकंदांत ती फार तर ७२ किलोज्यूल गोळा करेल, चौथा भागसुद्धा नाही. बाकीचं पॅडच्या नशिबी.

आता तेच थांबणं वीस सेकंदांवर पसरवा. दर १५ किलोवॅटवर येतो. त्यातलं काही हवा खाते, काही टायर आणि काही इंजिन, कारण पट्टा इंजिनालाच बांधलेला असल्यामुळे वसुली चालू असताना इंजिनही सोबत फिरत राहतं आणि घर्षणाचा आपला वाटा घेतं. पण मोटरला न पेलणारं असं फारसं काही उरत नाही. म्हणून या गाडीच्या मालकाला लागणारी पहिली सवय म्हणजे पुढचा सिग्नल लाल दिसताच ॲक्सिलरेटरवरून लवकर पाय काढणं. बॅटरी मोठी असती तर काय झालं असतं असं लोक विचारतात. काहीच झालं नसतं. तोटी तेवढीच ठेवून हौद मोठा केला, तर पाणी जास्त भरत नाही.

तोटीच मोठी करायची तर विद्युतप्रवाह आडवा येतो. १२ किलोवॅट शक्ती १२ व्होल्टवर न्यायची तर १००० अँपिअर लागतील. एवढ्या प्रवाहाला तांब्याच्या तारा नव्हे, सळया लागतील. व्होल्टता चौपट केली की प्रवाह २५० अँपिअरवर येतो, आणि तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे त्याच तारेत ती सोळाव्या हिश्शावर उतरते. मग आणखी वर का गेले नाहीत? कारण ६० व्होल्टची रेघ. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियम क्रमांक १०० मध्ये ६० व्होल्ट डीसीच्या वरची वीज 'उच्च व्होल्टता' ठरते, आणि मग इन्सुलेशन, खास जोडण्या, प्रशिक्षित कारागीर असं सगळं लचांड मागे लागतं. ४८ व्होल्टची बॅटरी चार्ज होताना पन्नाशी ओलांडते, तरी या रेघेच्या आत राहते. ऑडी, बीएमडब्ल्यू, डायम्लर, पोर्श आणि फोक्सवॅगन या जर्मन कंपन्यांनी २०११ मध्ये ४८ व्होल्टवर एकमत केलं ते याच कारणाने. तेव्हा 'पाण्यात गाडी घातली तर शॉक बसेल' ही भीतीही सोडा. हायलक्सची पाण्यातून जाण्याची ७०० मिलिमीटरची मर्यादा ही प्रणाली बसवूनही तीच ठेवली आहे. मात्र दोन टोकांमध्ये पाना अडकला तर ४८ व्होल्टही जबरदस्त ठिणगी पाडतात, हे विसरू नये.

आता पट्टा.

साध्या गाडीत क्रँकशाफ्टची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची, पुली पट्टा ओढते आणि पट्टा अल्टरनेटर फिरवतो. पट्ट्याच्या दोन बाजू असतात. एक क्रँकपुलीकडे येणारी आणि एक तिच्यापासून अल्टरनेटरकडे जाणारी. ओढणारी पुली क्रँकची, म्हणून तिच्याकडे येणारी बाजू ताठ आणि जाणारी बाजू सैल. सैल बाजूवर एक स्प्रिंगचा टेन्शनर, म्हणजे पट्टा ताणून धरणारा रोलर, दाबून बसवला की काम झालं. वर्षानुवर्षं असंच चालत आलं आहे.

माइल्ड हायब्रिडमध्ये मात्र मालक आणि नोकर दर मिनिटाला जागा बदलतात. इंजिन सुरू करताना, किंवा गाडी उठवताना, मोटरच पट्टा ओढू लागते. ओढणारी पुली बदलली की तिच्याकडे येणारी बाजू ताठ होते, म्हणजे आत्तापर्यंत जी सैल होती तीच. आणि टेन्शनर नेमका तिच्यावरच बसलेला! ताठ झालेला पट्टा टेन्शनरला ढकलून बाजूला सारतो, तिथला ढिलेपणा पट्ट्यातून सरकत पलीकडच्या बाजूला जातो, आणि तिथे त्याला आवरायला कोणीच नसतं. पट्टा घसरतो, किंचाळतो आणि मोटर जागच्या जागी फिरते.

ढिली बाजू एवढी महत्त्वाची का? ओढायचं काम तर ताठ बाजू करते! इथे एक सुंदर नियम आहे. अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलरने तो मांडला आणि आज तो ऑयलर-आयटेलवाइन सूत्र म्हणून ओळखला जातो. दोर किंवा पट्टा गोल वस्तूभोवती गुंडाळला, तर घसरायच्या आधी ताठ बाजूतला ताण सैल बाजूतल्या ताणाच्या जास्तीत जास्त काही ठरावीक पट होऊ शकतो. ही पट दोनच गोष्टींवर ठरते : घर्षण किती आणि पट्टा पुलीला किती कोनातून मिठी मारतो. पुलीचा व्यास सूत्रात कुठेच येत नाही. आणि कोन वाढवला की पट नुसती वाढत नाही, घातांकाने वाढते. घर्षणाचा गुणांक ०.५ धरला आणि पट्टा पुलीभोवती अर्धा फेरा असला, तर ही पट ४.८ येते. तोच अर्ध्या फेऱ्याचा ०.६ फेरा केला तर ६.६. एवढ्याशा जास्त मिठीने पकड तिसऱ्या हिश्शाहून अधिक वाढली. धक्क्यावरच्या खुंटाला दोराचे तीन फेरे घालून एकटा माणूस अख्खी बोट रोखून धरतो, तोही याच नियमाने. पट्ट्याच्या आतल्या अंगाला असलेल्या लांबट खाचा पुलीच्या खाचांत पाचरीसारख्या रुततात, त्यामुळे प्रत्यक्षात घर्षणाचा परिणाम आणखी वाढतो.

पण सूत्राचा खरा दणका पुढे आहे. ताठ बाजूचा ताण हा सैल बाजूच्या ताणाची *पट* आहे. सैल बाजूचा ताण शून्य झाला, तर त्याला ४.८ ने गुणा नाही तर ६.६ ने, उत्तर शून्यच. सैल बाजू सैल असली तरी सुटलेली असून चालत नाही. तिथे थोडा ताण शिल्लक नसेल, तर जगातला सगळ्यात खरखरीत पट्टाही पुलीला इंचभर ओढू शकणार नाही.

उदाहरण घेऊ. मोटरच्या पुलीची त्रिज्या ३ सेंटिमीटर आणि टॉर्क ३० न्यूटन-मीटर धरला, तर दोन्ही बाजूंच्या ताणातला फरक १००० न्यूटन हवा, म्हणजे सुमारे शंभर किलो वजनाचा भार. पट ४.८ असेल, तर सैल बाजूत किमान २६५ न्यूटन ताण ठेवावाच लागेल. कारण तेव्हाच दुसऱ्या बाजूत १२६५ पर्यंत जाता येईल आणि फरक हजार भरेल. पट ६.६ असेल तर १८० पुरतात. मग दोन्ही बाजू कायमच्या करकचून का ताणू नयेत? ताणल्या तर बेअरिंग झिजतात, पट्टा लवकर थकतो आणि त्यातून होणाऱ्या घर्षणात वाचवलेलं इंधन परत जातं.

यावर इंजिनिअरांनी काढलेला तोडगा मला फार आवडतो. टेन्शनरला दोन हात द्यायचे, पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना एकेक, आणि दोन्ही हात एकमेकांना जोडून सगळा सांगाडा मोटरच्या पुलीभोवती झुलता ठेवायचा. जी बाजू ताठ होते ती आपल्या हाताला बाहेर ढकलते. हा हात बाहेर गेला की दुसरा आपोआप आत येतो आणि नेमका सैल झालेल्या बाजूला दाबतो. ताण जितका जास्त, तितका समोरच्या बाजूवरचा दाब जास्त. ना सेन्सर, ना संगणक. सैल बाजूला लागणारा ताण ताठ बाजूच पुरवते. शिवाय दोन्ही रोलर पट्ट्याला पुलीजवळ आत दाबतात, त्यामुळे मिठीचा कोनही वाढतो. एकाच तुकड्याने सैल बाजूचा ताण आणि मिठीचा कोन, दोन्ही साधले. संगणकाने नियंत्रित होणाऱ्या शंभर यंत्रणा या गाडीत असतील, पण बॉनेट उघडून बघावं असं हेच.

या सगळ्याचा चालवताना काय फायदा होतो? सिग्नलला थांबलेलं इंजिन साध्या स्टार्टरच्या खरखरीशिवाय, जवळजवळ न कळत सुरू होतं. हायलक्सच्या इंजिनाचा थांबल्या जागीचा वेग मिनिटाला ७२० फेऱ्यांवरून ६०० वर आणता आला, कारण इंजिन अडखळायला लागलं तर मोटर सावरते. आणि डिझेल इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो फुलायला जो अर्धा-एक सेकंद लागतो, तो मोटर भरून काढते. पूर्ण बहरात ५०० न्यूटन-मीटर देणाऱ्या इंजिनापुढे ६५ हा आकडा किरकोळ वाटतो. पण टर्बो झोपेत असतो तेव्हा इंजिनाकडे ५०० नसतातच. चिखलातून हळूहळू गाडी काढताना हा फरक पायाला कळतो. इंधनाची बचत मात्र थोडीच. टोयोटा स्वतःच पाच टक्क्यांच्या आसपास सांगते. सरळ मोकळ्या रस्त्यावर एका वेगाने गेलात तर जवळपास शून्य, कारण वसूल करायला ब्रेकच लागत नाही.

पाच टक्के ऐकून नाक मुरडणारेच अनेकदा 'तीस टक्के बचत' म्हणणारं हायड्रोजन किट किंवा डिझेलच्या नळीला बांधायचं लोहचुंबक विकत घेताना दिसतात. डिझेलवर चुंबकाचा परिणाम जवळपास शून्य. हायड्रोजन किट अल्टरनेटरच्या विजेने पाण्याचं विघटन करतं आणि निघालेला वायू इंजिनात जाळतं. पण ती वीज इंजिनाने डिझेल जाळूनच केलेली. प्रत्येक टप्प्यावर घट खात ती परत इंजिनात आणायची, यात नफा कुठून निघणार? माइल्ड हायब्रिडचा नफा खरा आहे तो एवढ्याचसाठी, की तो नाहीतरी ब्रेकमध्ये जळून जाणारी ऊर्जा उचलतो. म्हणून तर तो पाच टक्के आहे. तीस असता तर मलाच संशय आला असता.

घेणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी. गाडी थांबलेली असताना इंजिन बंद झालं की पट्ट्यावर चालणारा एसीचा कॉम्प्रेसरही थांबतो, त्यामुळे उकाड्यात इंजिन मध्येच आपोआप सुरू झालं तर तो बिघाड नव्हे. लांब उतारावर १२ किलोवॅटने रिकामी बॅटरीसुद्धा मिनिटभरात भरते, आणि त्यानंतर वसुली बंद. म्हणून उताराला खालचा गिअर घालायची जुनी शिस्त अजिबात सोडायची नाही. जंप-स्टार्टची वेळ आलीच, तर केबल १२ व्होल्टच्या बॅटरीलाच लावायच्या.

आणि पट्टा. चिखलपाण्यातून आल्यावर खाचांत खडी-माती अडकलेली नाही ना, एवढं बघून घ्यायचं. इंजिन ऑइलचा एक ओघळही घर्षण इतकं कमी करतो की वरचं सगळं गणित कोसळतं, म्हणून जवळ कुठे गळती दिसली तर ती आधी. गाडी उठताना बारीक चिरका आवाज येऊ लागला तर नुसता पट्टा बदलून भागत नाही, टेन्शनरचे दोन्ही हात मोकळे झुलतात का तेही बघायला सांगायचं. पट्टा बदलताना त्याच लांबीचा साधा अल्टरनेटरचा पट्टा 'हाच चालतो, साहेब' म्हणून कोणी पुढे केला, तर तो बसेल खरा. पण तो एकाच दिशेच्या ओढीसाठी बनवलेला असतो.