मज्जारज्जूच्या रक्तवाहिन्यांची एमआर अँजिओग्राफी

मज्जारज्जूच्या रक्तवाहिन्यांची एमआर अँजिओग्राफी : मज्जारज्जूला रक्त पोचवणाऱ्या धमन्या आणि तेथून रक्त परत नेणाऱ्या शिरा यांचे चुंबकीय क्षेत्र व रेडिओलहरींच्या साहाय्याने केलेले चित्रण. यासाठी धमनीत नळी घालावी लागत नाही आणि क्ष-किरणही वापरले जात नाहीत. मणक्याच्या नेहमीच्या एमआरआयमध्ये हाडे, गाद्या, नसा आणि खुद्द मज्जारज्जू दिसतो. त्याच्या रक्तवाहिन्या मात्र एक मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही बारीक असल्याने त्यांचे चित्र वेगळ्या पद्धतीने घ्यावे लागते. मज्जारज्जूच्या आवरणातील धमनी-शिरा फिस्ट्युला, म्हणजे धमनी थेट शिरेला जोडली जाण्याचा दोष, शोधणे हा या तपासणीचा सर्वांत महत्त्वाचा उपयोग आहे. महाधमनीच्या मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी मज्जारज्जूची मुख्य पोषक धमनी कोणत्या पातळीवर आहे, हे ठरवण्यासाठीही ती करतात.

रक्तपुरवठा : प्रौढ माणसाचा मज्जारज्जू सुमारे 45 सेंमी. लांब असून कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो. त्याच्या पुढच्या बाजूने एकच धमनी खाली उतरते व रज्जूच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाला रक्त देते. मागच्या एक-तृतीयांश भागासाठी दोन धमन्या असतात. एवढ्या लांब रज्जूला केवळ मानेकडून येणारे रक्त पुरत नाही, म्हणून बरगड्यांच्या व कमरेच्या धमन्यांपासून निघालेल्या काही फांद्या वाटेत येऊन मिळतात. त्यांतील सर्वांत मोठीचे वर्णन पोलिश विकृतिवैज्ञानिक आल्बर्ट आडाम्किएविच यांनी 1881-82 मध्ये केले आणि ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. बहुतेकांत ती डावीकडून, छातीच्या नवव्या ते बाराव्या मणक्यांच्या दरम्यान आत शिरते, थोडी वर चढते आणि केसांच्या आकड्यासारखे वळण घेऊन पुढच्या धमनीला मिळते. जवळच एक शीरही अगदी असेच वळण घेते आणि ती धमनीपेक्षा जाड असते. स्थिर चित्रात या दोघींची गल्लत सहज होते. म्हणून या तपासणीत रक्तवाहिनी नुसती दिसून भागत नाही. ती कधी भरली, आधी की नंतर, हे कळावे लागते.

धमनी-शिरा फिस्ट्युला : मज्जारज्जूवर ड्युरा नावाचे जाड आवरण असते. नसेच्या मुळापाशी या आवरणातच एखादी बारीक धमनी थेट शिरेला जोडली गेली, की धमनीच्या दाबाचे रक्त मज्जारज्जूच्या शिरांत उलटे शिरते. शिरांतला दाब वाढल्याने रज्जूतले रक्त बाहेर पडू शकत नाही, ऊती सुजतात आणि हळूहळू निकामी होतात. येथे रक्तस्राव सहसा होत नाही. नुकसान होते ते तुंबलेल्या रक्ताने. फ्वा आणि आलाजुआनीन या फ्रेंच वैद्यांनी 1926 मध्ये अशा रुग्णांचे वर्णन केले होते, पण दोष रज्जूत नसून आवरणात आहे हे केंडॉल व लोग यांच्या 1977 मधील कामानंतर स्पष्ट झाले. मज्जारज्जूच्या रक्तवाहिन्यांच्या दोषांत हा प्रकार सर्वाधिक आढळतो. तो मुख्यतः पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांना होतो. तरुणांत आढळणारे रज्जूच्या आतील रक्तवाहिन्यांचे गुंते वेगळे. त्यांत रक्तस्रावाचा धोका मोठा असतो.

हा आजार दुर्मीळ आहे, म्हणून तो आठवत नाही. आणि आठवत नाही म्हणून सापडत नाही. पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत वर्ष, कधी दोन-तीन वर्षे जातात. उपचार उपलब्ध असलेल्या आजारात हा वेळ फार महाग पडतो, कारण उपचाराने पुढची हानी थांबते, पण गेलेली शक्ती पूर्ण परत येईलच असे नाही. चालणे बऱ्याच जणांत सुधारते. लघवीवरचा ताबा त्या मानाने कमी सुधारतो.

सोलापुरातील संदर्भ : सोलापुरात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले सर्वोपचार रुग्णालय (लोकांच्या तोंडी ‘सिव्हिल’) आणि शहरातील खासगी रुग्णालये यांच्याकडे जिल्ह्याबरोबरच धाराशिव, लातूर, विजयपूर, कलबुर्गी या भागांतूनही रुग्ण येतात. यंत्रमागावर किंवा शेतात आयुष्य काढलेला साठीचा माणूस ‘पाय जड पडतात’, ‘चप्पल कधी निसटली कळत नाही’, ‘लघवीला बसलं तरी लवकर होत नाही’ असे सांगू लागला, की घरचे आणि शेजारचे ‘मणक्यात गॅप आला’, ‘नस दबली’ असे निदान करून मोकळे होतात. कामाने हा आजार होत नाही; पण बारा-बारा तास उभे राहिलेल्या माणसाच्या पायांचे दुखणे कामाच्याच खात्यावर मांडले जाते. चालताना पाय भरून येणे आणि बसल्यावर बरे वाटणे हे लक्षण कमरेचा कालवा (मणक्यांतील नसांचा मार्ग) अरुंद झाल्यावरही दिसते आणि फिस्ट्युलातही. मग कमरेचा एमआरआय होतो. त्यात या वयात सरकलेली किंवा झिजलेली गादी दिसतेच, आणि सगळा दोष तिच्या माथी जातो.

खरी खूण त्याच फिल्मच्या वरच्या टोकाला असू शकते. मज्जारज्जूचे खालचे टोक टी-2 चित्रात (पाणी पांढरे दाखवणाऱ्या एमआरआय चित्रात) आतून पांढरे व सुजलेले दिसत असेल आणि त्याच्या मागे, रज्जूभोवतीच्या पाण्यात काळे, नागमोडी ठिपके असतील, तर ते ठिपके म्हणजे वेगाने रक्त वाहणाऱ्या, फुगलेल्या शिरा असण्याची शक्यता असते. हे टोक पाहिल्याशिवाय कमरेच्या एमआरआयचे वाचन पूर्ण मानू नये. अर्थात पाय जाण्याची दुसरी कारणेही तपासावी लागतात. मणक्याचा क्षय आपल्याकडे आजही आढळतो, बी-12 ची कमतरताही. कधी रज्जूची सूज ‘मायलायटिस’ (रज्जूचा दाह) समजून स्टेरॉइड दिले जाते. फिस्ट्युलाच्या काही रुग्णांत त्यानंतर पायांची शक्ती अचानक घटल्याचे नोंदले गेले आहे.

तपासणीची पद्धत : प्रथम संपूर्ण मणक्याचा साधा एमआरआय होतो. मज्जारज्जूभोवतीचे पाणी हृदयाच्या ठोक्याबरोबर हलते आणि तेही काळे ठिपके उमटवते. ही फसगत टाळण्यासाठी अतिशय पातळ छेदांचे, पाणी ठळक दाखवणारे त्रिमितीय चित्र घेतात. त्यात खऱ्या शिरा पांढऱ्या पाण्यात काळ्या रेषांसारख्या स्पष्ट उठतात. त्यानंतर हाताच्या शिरेतून गॅडोलिनियमयुक्त (चित्रात रक्त उजळ दाखवणारे) औषध यंत्राने ठरावीक वेगाने सोडतात आणि मागोमाग सलाइन ढकलतात. औषध धमन्यांत पोचल्यापासून शिरांत उतरेपर्यंत मिळणारा अवधी काही सेकंदांचाच असतो. तेवढ्यात एकामागून एक चित्रे घ्यायची आणि औषधाआधीचे चित्र त्यांतून वजा करायचे, म्हणजे फक्त रक्तवाहिन्या उरतात. निरोगी माणसात रज्जूच्या शिरा उशिरा भरतात; फिस्ट्युलात त्या धमन्यांबरोबरच उजळतात. ही वेळेआधीची शीर हाच निदानाचा गाभा आहे.

रुग्णाला अर्धा-पाऊण तास हालचाल न करता पडून राहावे लागते. पोट व छातीच्या हालचालीने चित्र पुसट होते, म्हणून सूचना नीट समजणे महत्त्वाचे असते. सोलापुरात पूर्व भागातील रुग्णाशी तेलुगूत आणि सीमेपलीकडून आलेल्याशी कन्नडमध्ये बोलणारे कोणी यंत्राजवळ असले, तर त्याने चित्राच्या दर्जात खरोखर फरक पडतो. पेसमेकर, शरीरातील धातूची क्लिप किंवा डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण याची चौकशीही रुग्णाच्या भाषेतच व्हायला हवी. कारखान्यात ग्राइंडिंग केलेल्या माणसाला हा शेवटचा प्रश्न आवर्जून विचारावा. मूत्रपिंडे फार क्षीण झालेल्या रुग्णात काही गॅडोलिनियम औषधांनी त्वचा व ऊती कडक होण्याचा गंभीर विकार होऊ शकतो, त्यामुळे क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्ततपासणी) आधी पाहतात. गरोदरपणात हे औषध टाळतात.

मर्यादा व पुढील तपास : अंतिम निदानासाठी आजही नळी घालून केलेली अँजिओग्राफी, म्हणजे डीएसए, हीच कसोटी मानली जाते. मात्र ठिकाण माहीत नसेल, तर डीएसएमध्ये दोन्ही बाजूंच्या बरगड्यांच्या व कमरेच्या धमन्या एकेक करून शोधाव्या लागतात. वेळ लागतो, क्ष-किरण व आयोडीनचे औषध जास्त लागते. एमआर अँजिओग्राफीने फिस्ट्युलाची पातळी बहुधा एखाद्या मणक्याच्या फरकाने सांगता येते आणि शोध तेथूनच सुरू होतो. डीएसएसाठी पुणे, मुंबई किंवा हैदराबाद गाठायचे असेल, तेव्हा हातातल्या या माहितीचे मोल रुग्णाला व नातेवाइकांना कळते. चित्रात फिस्ट्युला दिसला नाही म्हणून तो नाहीच असे समजू नये. कवटीच्या तळाशी किंवा माकडहाडाच्या भागात असलेला दोष चित्राच्या चौकटीबाहेर राहू शकतो, आणि खालच्या टोकाला सुजलेल्या रज्जूचे कारण कधी कधी मानेच्या वर सापडते. रज्जूतील कॅव्हर्नोमासारखे (फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या पुंजक्यासारखे) संथ रक्तप्रवाहाचे दोष अँजिओग्राफीत दिसत नाहीत. ते साध्या एमआरआयमध्येच ओळखले जातात.

उपचारात फिस्ट्युलातून निघणारी शीर शस्त्रक्रियेने बंद करतात किंवा नळीतून गोंदासारखे द्रव्य सोडून जोड बुजवतात. द्रव्य शिरेच्या सुरुवातीपर्यंत पोचले नाही, तर दोष पुन्हा उघडू शकतो. त्यानंतर काही महिन्यांनी एमआरआय पुन्हा करतात. रज्जूची सूज उतरायला वेळ लागतो, त्यामुळे पहिल्या चित्रात ती दिसली म्हणून उपचार फसला असे होत नाही. पण फुगलेल्या शिरा तशाच राहिल्या किंवा पाय पुन्हा जड पडू लागले, तर अँजिओग्राफी पुन्हा करावी लागते. या तुलनेसाठी जुनी सीडी जपून ठेवावी, कारण फिल्मवर निवडक चित्रेच छापलेली असतात आणि एकामागून एक घेतलेली सगळी चित्रे फक्त सीडीत असतात.