एओएन म्हणजे ऑर्डर नव्हे: रायफल खरेदीच्या बातम्या वाचताना

‘लष्करासाठी अमुक लाख रायफलींच्या खरेदीला मंजुरी’ असा मथळा आला की पुढचं ठरलेलं असतं. संध्याकाळपर्यंत शेअरवाल्यांच्या ग्रुपवर कुठल्या तरी कंपनीला ‘ऑर्डर लागते’, आणि दोन वर्षांनी तीच मंडळी विचारतात, त्या रायफली गेल्या कुठे? कुठेही गेल्या नाहीत. त्या मागवलेल्याच नव्हत्या.

घोळ आहे तो एओएन (‘अॅक्सेप्टन्स ऑफ नेसेसिटी’, म्हणजे गरज असल्याची मान्यता) आणि करार यांच्यातला. करार काय असतो हे सांगत बसत नाही. विकणाऱ्याचं नाव, नग, किंमत, पुरवठ्याची मुदत, उशिराचा दंड आणि दोन्हीकडच्या सह्या. कुठल्याही खात्याला कधी काही पुरवलं असेल तर हे तुम्हाला पाठ असेल.

एओएन मात्र नीट समजून घ्या. संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची संरक्षण खरेदी परिषद, म्हणजे डीएसी, ही मान्यता देते. त्यात म्हटलेलं एवढंच असतं: ही वस्तू लष्कराला लागणार आहे, साधारण इतकी लागेल, अंदाजे इतका खर्च येईल, आणि ती भारतीय कंपनीकडून घ्यायची की परदेशातून. घरात मुलाचं ‘यंदा कर्तव्य आहे’ म्हणून जाहीर करण्यासारखं आहे हे. अजून स्थळं यायची आहेत. त्यानंतर निविदा निघते, तांत्रिक छाननी होते, वाळवंटात नि डोंगरात चाचण्या होतात, मग दरांची पाकिटं उघडतात, सर्वांत कमी दराचा एल-1 ठरतो, वाटाघाटी होतात, वित्त विभागाची मान्यता लागते आणि मोठी रक्कम असेल तर सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीचीही. ठरलेल्या मुदतीत निविदाच निघाली नाही तर एओएन बाद होतं. या वाटेत प्रकरण कुठेही मरू शकतं, आणि बंदुकांच्या बाबतीत ते फार वेळा मेलेलं आहे.

कार्बाइनचंच पाहा. जवळून लढताना वापरायची ही आखूड नळीची बंदूक लष्कराला कितीतरी वर्षांपासून हवी होती. 44,618 कार्बाइनची एक निविदा आधीच निघाली होती. चाचण्या झाल्या, शेवटी एकच विक्रेता उरला, आणि एकट्या विक्रेत्याशी सौदा नको म्हणून सगळंच रद्द झालं. मग जानेवारी 2018मध्ये डीएसीने 72,400 रायफली आणि 93,895 कार्बाइन मिळून 3,547 कोटींच्या खरेदीला मान्यता दिली, तीही जलदगती प्रक्रियेत. रायफलींचा करार फेब्रुवारी 2019मध्ये अमेरिकेच्या सिग सॉअरशी झाला. कार्बाइनमध्ये अमिरातीची काराकल ही कंपनी एल-1 ठरली. इथे बहुतेकांनी फटाके उडवून घेतले. सही कधी झालीच नाही आणि 2020मध्ये ती खरेदी गुंडाळली गेली. तेव्हा एल-1लाही ऑर्डर म्हणू नका. एओएन, एल-1 आणि करार यांना एकाच मापात मोजणाऱ्या विश्लेषकांचं लिखाण मला तरी वाचवत नाही.

पुढे जुलै 2022मध्ये सुमारे 4 लाख कार्बाइनसाठी नवं एओएन आलं, या वेळी देशात बनवण्याच्या अटीवर. करारावर सह्या झाल्या डिसेंबर 2025च्या अखेरीस: 4.25 लाख कार्बाइन, 2,770 कोटी, पुरवठादार पुण्याची भारत फोर्ज आणि पीएलआर सिस्टिम्स. मधली साडेतीन वर्षं ज्यांनी ‘ऑर्डर आली आहे’ असं धरून हिशेब मांडले, त्यांचं काय झालं ते त्यांनाच विचारा.

हे एवढं लांबतंच असंही नाही. त्याच सिग रायफलींच्या आणखी 73,000 नगांना डीएसीने डिसेंबर 2023मध्ये मान्यता दिली आणि ऑगस्ट 2024मध्ये करार झाला. वस्तू तीच आणि विक्रेता तोच, त्यामुळे पुन्हा चाचण्यांचा खेळ नव्हता. म्हणून एओएनची बातमी आली की पहिला प्रश्न हा विचारावा: ही आधी घेतलेल्याच वस्तूची फेरखरेदी आहे की नवी?

आकड्यांबद्दलही तेच. एओएनमधली रक्कम अंदाजाची असते. फेब्रुवारी 2018मध्ये 7.40 लाख रायफलींसाठी 12,280 कोटींचा आकडा गाजला होता. प्रत्यक्षात डिसेंबर 2021मध्ये सही झाली ती रशियन रचनेच्या 6,01,427 एके-203 रायफलींवर, रक्कम 5,000 कोटींच्या वर. एओएनची रक्कम कंपनीच्या ‘ऑर्डर बुक’मध्ये, म्हणजे हातात असलेल्या ऑर्डरींच्या बेरजेत, मिळवणं हा शुद्ध आडाखेबाजपणा आहे, मग तो कितीही सुंदर तक्त्यात मांडलेला असो.

पत्रकातून ओळखायचं तर सोपं आहे. स्पर्धात्मक खरेदीच्या एओएन पत्रकात विक्रेत्याचं नाव नसतं, कारण विक्रेता ठरलेलाच नसतो. कराराच्या पत्रकात कंपनीचं नाव आणि सह्यांची तारीख असते. एके-203सारख्या दोन सरकारांमधल्या व्यवहारात नाव आधीपासून माहीत असतं, तेवढा अपवाद.

शस्त्र बनवण्याच्या परवान्याशी होणारी गल्लत किरकोळ आहे, म्हणून एका ओळीत: शस्त्र कायदा 1959 आणि त्याखालचे 2016चे नियम बंदूक बनवायची मुभा देतात, गिऱ्हाईक देत नाहीत. डीएपी आणि डीपीएम या संरक्षण मंत्रालयाच्या दोन खरेदी-नियमावल्यांमधली गल्लतही तशीच. पहिलं भांडवली खरेदीचं पुस्तक, दुसरं महसुली. नवी रायफल बहुधा पहिल्यातून येते, तिचे सुटे भाग दुसऱ्यातून.

आणि करार झाला म्हणून लगेच नग हातात येत नाहीत. एके-203चा करार 2021चा. अमेठीजवळच्या कोरवाच्या कारखान्यातून जुलै 2024पर्यंत लष्कराला दिल्या गेल्या 35,000. भारत फोर्जच्या कार्बाइनकडे पाहताना आता सहीची तारीख सोडा, पुरवठ्याच्या हप्त्यांकडे लक्ष ठेवा.