अळूच्या पानाची फरशी

अळूच्या पानाचा ठसा उमटवलेल्या, एक फूट लांब-रुंद आणि दोन इंच जाड सिमेंटच्या फरशीला २ किलो सिमेंट, ४ किलो क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू), ४ किलो बारीक खडी (६ मि.मी.च्या आतली) आणि ९०० मिली पाणी लागतं. खडी मूठभर इकडेतिकडे झाली तरी चालेल, पाणी मात्र मापूनच घाला.

घमेल्यातला माल कोरडा वाटतो आणि हात तांब्याकडे जातो. फरशी बिघडते ती तिथेच. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं. त्याला वजनाच्या साधारण ४० टक्के पाणी पुरतं. जास्तीचं उडून जातं आणि मागे बारीक छिद्रं ठेवतं. क्रश सँडचा ढीग ओला असेल तर ५ टक्के ओल म्हणजे ४ किलोत २०० मिली पाणी आधीच आलं. तेवढं वजा करा.

साचा शटरिंग प्लायचा (काँक्रीटच्या साच्यांना वापरतात तो प्लायवुड). खिळे नकोत, स्क्रू मारा, म्हणजे बाजू सोडवता येतात. कोपऱ्यांत सिलिकॉन भरा. आत तेलाचा पुसट हात फिरवा. तेल साचलं की डाग पडतो. आता अळूचं मोठं पान, देठ मुळाशी छाटून, शिरांची बाजू वर ठेवून तळाला अंथरा. कडा नीट चिकटून बसू द्या. पानाखाली माल शिरला तर नक्षी बुजते. आधी बिनखडीचा माल सेंटीमीटरभर हाताने दाबा, मग उरलेला भरा. रबरी हातोड्याने बाजूंवर ठोकत राहा, बुडबुडे थांबेपर्यंत. दर्शनी बाजू खाली असल्याने अडकलेला प्रत्येक बुडबुडा तिथे खळगा होतो. हातमोजे घाला: अळू खाजरं खरं, पण ओलं सिमेंट कातडी जाळतं.

रंग हवा तर आयर्न ऑक्साईड १०० ग्रॅम, कोरड्या सिमेंटमध्येच मिसळून. गेरूत माती असते, ती ताकद खाते. रांगोळीचे रंग उन्हात उडतात.

साचा चोवीस तासांनी सोडवा. आणि आता, मिसळताना नाकारलेलं पाणी हवं तेवढं द्या: सात दिवस ओलं गोणपाट. एप्रिल-मेच्या कोरड्या वाऱ्यात गोणपाट तासा-दोन तासांत वाळतं, म्हणून वर प्लास्टिक घाला, नाहीतर पृष्ठभागावर केसासारख्या भेगा येतात.

पांढरा लोणा आला तर घाबरू नका. आतला चुना पाण्याबरोबर वर येतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साईडशी जुळतो आणि खडूसारखा थर बसतो. कोरड्या ब्रशने तो घासून काढा.

गोणपाट काढल्यावर पान सहसा सुकून सुटतं. ही जाडी पायवाटेपुरती. स्कूटर लावायची असेल तर तीन इंच घ्या आणि २८ दिवस थांबा.