हायपरवायझरमधील वैशिष्ट्य-ध्वजांचे कोड-परीक्षण

हायपरवायझर, म्हणजे एका संगणकावर अनेक आभासी यंत्रे चालवणारे सॉफ्टवेअर, आपल्या आभासी यंत्रांना प्रोसेसरची कोणती वैशिष्ट्ये दाखवतो आणि कोणती झाकतो, हे ठरवणाऱ्या कोडमधील बदल मुख्य शाखेत घेण्यापूर्वी दुसऱ्या जाणकाराने तपासण्याची पद्धत. एक्स८६ प्रोसेसरवर ही वैशिष्ट्ये सीपीयूआयडी या आज्ञेतून कळतात. १९९३ मध्ये पेंटियमबरोबर प्रचारात आलेली ही आज्ञा लीफ क्रमांक (म्हणजे माहितीच्या कोणत्या पानाविषयी विचारले आहे तो क्रमांक) घेऊन ३२ बिटांच्या चार रजिस्टरांत उत्तर देते. वैशिष्ट्ये सांगणाऱ्या लीफांत एकेक बिट एकेका क्षमतेचा ध्वज असतो, आणि कामाच्या बोलण्यात त्याला ‘फ्लॅग’ किंवा नुसते ‘बिट’च म्हणतात. इंटेलच्या व्हीटी-एक्स या आभासीकरण-तंत्रात अतिथी यंत्राने, म्हणजे हायपरवायझरखालील आभासी यंत्राने, ही आज्ञा दिली की नियंत्रण हायपरवायझरकडे जातेच. एएमडीवर ती अडवण्याची सोय मुद्दाम चालू करावी लागते. त्यामुळे अतिथीच्या हाती पडणारे उत्तर प्रोसेसरचे नसते, हायपरवायझरने लिहून दिलेले असते.

गोव्यातील वाचकाला जमिनीच्या हक्कांची नोंद असलेल्या एक-चौदाच्या उताऱ्यावरून हे चटकन उमगेल. उताऱ्यावर नाव असणे आणि जागेवर ताबा असणे या दोन गोष्टी जुळतातच असे नाही, आणि परीक्षकाने पाहायची ती हीच जुळणी. उदाहरणार्थ, स्मृतीच्या पत्त्यांच्या जपून ठेवलेल्या नोंदी रद्द करणारी इन्व्हपीसीआयडी ही आज्ञा घ्यावी. लीफ ७ मधील तिचे बिट अतिथीला दाखवले, पण व्हीटी-एक्सच्या नियंत्रण-रचनेत तिची परवानगी चालू करायची राहिली, तर ध्वजावर विश्वासून ती वापरणाऱ्या अतिथी कर्नेलला ‘अज्ञात आज्ञा’ हा अपवाद मिळतो. उलट प्रकार नोंद न झालेल्या मुंडकाराचा, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचा : उताऱ्यावर नाव नाही, पण जागेवर तो आहेच. एईएस कूटलेखनाच्या आज्ञांचे बिट झाकले तरी त्या आज्ञा अतिथीत चालतच राहतात, कारण व्हीटी-एक्समध्ये त्यांना अडवणारे नियंत्रणच नाही. एखाद्या प्रोग्रामने ध्वज न पाहता त्या वापरल्या आणि पुढे ते यंत्र त्या आज्ञा नसलेल्या जुन्या सर्व्हरवर हलवले, तर तो तिथे कोसळतो. म्हणून ‘बिट झाकले, काम झाले’ असा युक्तिवाद दिसला की परीक्षकाने थांबून प्रश्न विचारावा.

ध्वज एकमेकांवर अवलंबूनही असतात. एव्हीएक्स-२ या रुंद गणिती आज्ञांना आधीच्या एव्हीएक्स आज्ञा लागतात आणि एव्हीएक्सला रजिस्टरांची स्थिती स्मृतीत साठवणारे एक्ससेव्ह. मधली कडी काढून टोकाची ठेवली तर अतिथीला प्रत्यक्षात कुठेच नसलेला प्रोसेसर दिसतो. काही उत्तरे तर स्थिरही नसतात. लीफ १ मधील ओएसएक्ससेव्ह हे बिट अतिथीच्या सीआर४ या नियंत्रण-रजिस्टरप्रमाणे बदलते, आणि लीफ १३ मध्ये मिळणारा स्थिती-साठवणीचा आकार कोणती स्थिती साठवायची हे ठरवणाऱ्या एक्ससीआर० या रजिस्टरप्रमाणे बदलतो : एव्हीएक्स चालू नसताना तो ५७६ बाइट, चालू केल्यावर ८३२. यंत्र उभे करताना एकदाच काढलेला आकडा पुढे तसाच देत राहणारा कोड वाचताना निर्दोष वाटतो, पण अतिथी त्या आकड्यावर विसंबून अपुरी जागा राखून ठेवतो आणि साठवण शेजारच्या स्मृतीवर पसरते.

सर्वांत चकवणारा भाग स्थलांतराचा, म्हणजे चालते यंत्र एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवण्याचा. समजा, एका संस्थेचा जुना सर्व्हर पणजीत आणि नवा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत आहे, आणि पावसाळ्यात वीज जाण्याच्या भीतीने चालती आभासी यंत्रे इकडून तिकडे हलवायची आहेत. मग दोन्हींकडे असलेलीच वैशिष्ट्ये दाखवावीत, म्हणजे बिटांचे ‘आणि’ घ्यावे, हा सरळ नियम झाला. परंतु काही बिटांचा अर्थच उलटा असतो. आर्च कॅपॅबिलिटीज या रजिस्टरमधील आरडीसीएल-नो हे बिट ‘मेल्टडाउन या प्रोसेसरमधील सुरक्षा-दोषाचा धोका नाही’ असे सांगते, तेव्हा ते दोन्ही सर्व्हरांवर असेल तरच दाखवावे. आरएसबीए हे बिट मात्र एका जोखमीची सूचना असल्याने एकाच सर्व्हरवर असले तरी दाखवावे लागते. सगळ्या बिटांवर डोळे मिटून एकच क्रिया चालवणारा बदल परीक्षकाने परत पाठवावा, हे या लेखकाचे स्पष्ट मत आहे.

मायक्रोकोडमुळे, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या, अद्ययावत करता येणाऱ्या कोडमुळे, एकाच प्रोसेसरचे ध्वजही कालांतराने बदलतात. २०१४ मध्ये दोष सापडल्यावर इंटेलच्या हॅसवेल पिढीतील टीएसएक्स हे स्मृती-व्यवहारांचे वैशिष्ट्य असेच बंद करण्यात आले, तर २०१८ मध्ये स्पेक्टर या सुरक्षा-दोषावरील उपायांसाठी जुन्याच प्रोसेसरांवर नवी बिटे अवतरली. म्हणून केव्हीएम आणि झेन या हायपरवायझरांमध्ये अतिथीला दाखवण्याजोग्या वैशिष्ट्यांची ठरावीक यादी असते, आणि यादीत नसलेले बिट शून्य म्हणून दाखवले जाते. झेनमध्ये तर प्रत्येक वैशिष्ट्यापुढे ते कोणत्या प्रकारच्या अतिथीला द्यायचे हे एका अक्षराने लिहिलेले असते. यादीतील एका ओळीचा बदल दिसायला किरकोळ असला, तरी त्या अक्षराची शहानिशा प्रोसेसर-निर्मात्याची नियमपुस्तिका उघडूनच करावी लागते.

दोन्ही प्रकल्पांचा कोड खुला आहे, त्यामुळे फर्मागुडी किंवा कुंकळ्ळी येथे अभियांत्रिकी शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही हा अभ्यास घरच्या लॅपटॉपवर करता येतो. लिनक्सवर आधी यजमान (म्हणजे प्रत्यक्ष) यंत्रात व मग अतिथीत सीपीयूआयडीची उत्तरे काढून शेजारी-शेजारी ठेवली की एक ठळक फरक लीफ १ च्या ईसीएक्स रजिस्टरमधील ३१ क्रमांकाच्या बिटात दिसतो : यजमानाकडे ते शून्य असते आणि अतिथीकडे, ‘तू हायपरवायझरखाली आहेस’ हे सांगण्यासाठी, एक.